रत्नागिरीत फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा, की दापोलीकडे दोन खोल्यांचा होमस्टे? हिशेब तपासून द्या

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी. वय ४७, नोकरी पुण्यात, मूळ घर रत्नागिरी तालुक्यात. आई (७४) गावीच असते. हाताशी १५ लाख आहेत आणि अजून बारा-तेरा वर्षं नोकरी आहे. पुढच्यासाठी दरमहा काही येत राहावं म्हणून दोन गोष्टी डोक्यात घोळतायत.

पहिली: रत्नागिरी शहरात तयार टूबीएचके. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेलं आहे, त्यामुळे जीएसटी नाही. किंमत ४० लाख. मुद्रांक, नोंदणी आणि वकील मिळून पावणेतीन लाख, पंखे-ग्रिल-गीझरला दीड लाख. म्हणजे ४४ लाखांच्या थोडं वर. ३० लाख कर्ज काढायचं, बाकी खिशातून.

दुसरी: दापोली तालुक्यात ओळखीतून पाच गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट, १२ लाख. त्यावर चिऱ्याच्या दोन खोल्या, पडवी, स्वयंपाकघर, विहीर-पंप, कंपाउंड. कंत्राटदार २८ लाख म्हणतो (म्हणजे ३२ धरायचे, कळलं!). किनारा चालत दहा मिनिटांवर.

फ्लॅटचा माझा हिशेब: एजंट भाडं १३ हजार सांगतो. त्याच इमारतीतला एक भाडेकरू ११ देतो, म्हणून मी ११ धरलं. वर्षातला एक महिना रिकामा सोडून १,२१,०००. त्यातून सोसायटी १८,०००, घरपट्टी-पाणीपट्टी ६,०००, रंग-दुरुस्ती १२,०००, विमा आणि करारनोंदणी मिळून ५,०००. उरले ८०,०००.

होमस्टेचा हिशेब मला मांडताच येत नाही. जाणकारांनी दोन्ही फाडून काढा.

मे महिना

फ्लॅट घ्या, डोळे झाकून. रत्नागिरी वाढतेय. मेडिकल कॉलेज आलं, हायवे होतोय. आणि कर्जाचा हप्ता म्हणजे सक्तीची बचत. हातात राहिले तर हे १५ लाख लग्नकार्यात आणि गाडीत कधी जातील, पत्ता लागणार नाही.

बँकेतला

कर्जविभागात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या १५ लाखांचं. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला मालमत्तेच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ४० लाखांच्या फ्लॅटवर ३० लाख मिळायला अडचण नाही. मुद्रांक आणि नोंदणी मात्र या मोजमापात येत नाहीत, ते स्वतःचेच घालावे लागतात. तेव्हा तुमचे १५ लाख पहिल्या दिवशीच साफ. भाडेकरू आत येण्याआधी पंप जळला तर पगारातून.

आता हप्ता. साडेआठ टक्के, वीस वर्षं धरली तर लाखाला ८६८ रुपये. ३० लाखांना २६,०४०. वर्षाचे ३ लाख १२ हजार. भाड्यातून उरणार ८०. खड्डा २ लाख ३२ हजारांचा, दरवर्षी. महिन्याला साधारण १९,४००, आणि हे भाडेकरू शहाणा असेल तर.

उलटं करून बघा. वर्षाला ८० हजार म्हणजे महिन्याला ६,६६७. एवढ्या हप्त्यात साडेसात लाखांच्या आसपास कर्ज बसतं. त्या फ्लॅटच्या भाड्याला झेपणारं कर्ज तेवढंच. वरचे साडेबावीस लाख तुमचा पगार फेडणार.

'मे महिना' यांनी सक्तीची बचत म्हटलंय, तीही आकड्यात पाहू. पहिल्या वर्षीच्या ३ लाख १२ हजारांपैकी अडीच लाखांच्या वर व्याज, मुद्दल जेमतेम ६० हजार. दहा वर्षं हप्ते भरून (३१ लाखांच्या वर भरून!) मुद्दल शिल्लक राहतं २१ लाख. पुढच्या दहात ते झपाट्याने उतरतं, पण तोवर तुम्ही ५७ चे झालेले असता.

समजा दहा वर्षांनी विकला. भाव दरसाल ४ टक्क्यांनी वाढला तर ४० चे ५९ लाख. कर्जाचे २१ वजा, हाती ३८. घातले किती? सुरुवातीचे १४ आणि दरवर्षीचा खड्डा २३, एकूण ३७. भाडं वाढत जाईल म्हणून दोनेक लाख तुमच्या बाजूने धरा. वर दीर्घकालीन भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर, म्हणजे ते दोन लाख परत गेले. दहा वर्षं राबून ३७ चे ३८. भाव ८ टक्क्यांनी वाढला तर ४० चे ८६ होतात आणि चित्र एकदम पालटतं. म्हणजे तुम्ही उत्पन्न भाड्याचं म्हणताय, पण खेळताय भाववाढीवर. खेळायला हरकत नाही, फक्त कशावर खेळतोय ते माहीत असावं.

करातली एक गोष्ट राहिली. भाड्यातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते आणि त्यानंतर कर्जाचं व्याज वजा होतं. सोसायटी, रंगकाम वगैरेंची वेगळी वजावट नाही, ती त्या ३० टक्क्यांत आली. तुमच्या आकड्यांत व्याज घातलं की घरापासूनच्या उत्पन्नाच्या सदरात पावणेदोन लाखांच्या जवळ तोटा दिसेल. जुन्या करप्रणालीत असाल तर वर्षाला दोन लाखांपर्यंतचा असा तोटा पगारातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत तो पगाराला लावता येत नाही. एजंट लोक 'टॅक्स वाचतो की साहेब' म्हणतात तेव्हा ते जुन्या प्रणालीबद्दल बोलत असतात, बहुतेक वेळा न सांगता.

खडूस

सोपा उपाय. आईला १५ लाख बक्षीस द्या, तिच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. मर्यादा ३० लाख, व्याज २०२३ पासून ८.२ टक्के. वर्षाला १ लाख २३ हजार, तिमाहीला खात्यात. आईवडिलांना दिलेल्या रकमेवरचं उत्पन्न मुलाच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. ४४ लाखांचा फ्लॅट देतो ८०, १५ लाखांची ठेव देते १२३. ना भाडेकरू, ना पंप, ना सोसायटीचा सेक्रेटरी.

मे महिना

आणि पाच वर्षांनी ते १५ लाख १५ लाखच राहतात, त्यांची किंमत ११ ची झालेली असते. ते नाही लिहिलंत.

माजघर

खडूसदादा, आणि खाडीपल्याड यांना भावंडं असतील तर? आईच्या नावावरचा पैसा आईचा. नॉमिनी केलं म्हणजे वारस झाला असं नव्हे, नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो. आमच्याकडे याच कारणावरून दिवाळीचं एकत्र जेवण बंद झालंय. योजना चांगली आहे, पण आईला मृत्युपत्र करायला सांगायची हिंमत असेल तरच.

(आणि फ्लॅट घेतलाच तर एकट्या बायकोच्या नावावर घ्या. निवासी घराला स्त्री खरेदीदारास मुद्रांकात एक टक्का सूट आहे. ४० लाखांवर ४० हजार वाचतात. बायकोने नाही म्हटलं तर मला सांगा. फक्त कर्जात नवरा सहकर्जदार म्हणून कसा बसतो आणि भाड्यावरचा कर कोणाकडे जातो ते सीएला आधी विचारा. पैसा नवऱ्याचा असेल तर भाडं त्याच्याच उत्पन्नात धरतात.)

चाकरमानी ठाणेवाला

रत्नागिरीत माझा वनबीएचके भाड्याने आहे, म्हणून दोन शब्द.

आपल्याकडे शहरात फ्लॅट घेणाऱ्यांत मुंबई-ठाण्याचे लोक खूप. घेतात, गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात, एरवी कुलूप. त्यातले बरेच नंतर कंटाळून 'असाच पडलाय तर लावू या' म्हणत भाड्याने काढतात, आणि त्यांना भाडं किती येतं याची फिकीर नसते. तुमची स्पर्धा अशा मालकांशी आहे, ज्यांना हप्ता नाही. म्हणून किमती चढतात आणि भाडं तिथेच घुटमळतं.

एक करा. शिमगा-गणपती सोडून साध्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला त्या इमारतीसमोर उभे राहा. किती खिडक्यांत दिवा आहे, किती दोऱ्यांवर कपडे वाळतायत ते बघा. निम्मी इमारत अंधारात असेल तर सोसायटीची वर्गणीही निम्म्याच लोकांकडून वेळेवर येते. लिफ्ट बंद पडली की मग महिनाभर पत्रव्यवहार.

भाडेकरू कोण असणार तेही आधी ठरवा. माझ्याकडे आजवर बँकेचे बदलीवाले, शासकीय मेडिकल कॉलेजचे निवासी डॉक्टर आणि एक मिरजोळे एमआयडीसीतला सुपरवायझर राहिला. जयगडच्या कंपनीतली कुटुंबंही मुलांच्या शाळेसाठी शहरात राहतात. बदलीवाला भाड्याला चोख, पण जून गाठून जातो, आणि ऐन पावसात घर रिकामं. सिव्हिल हॉस्पिटलपासून चालत अंतरावरचा जुना वनबीएचके लांबच्या नव्या टूबीएचकेपेक्षा पटकन जातो हा माझा अनुभव.

आणि करार नोंदवा. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक पाव टक्का, तुमच्या भाड्याला अकरा महिन्यांचे ३०० रुपयांच्या घरात, नोंदणी शहरात १०००. एवढ्यासाठी लोक शंभराच्या-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करतात! १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. नोंदलेला करार असेल तर मुदत संपल्यावर न जाणाऱ्या माणसाविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्या काळाचं दुप्पट भाडंही मागता येतं. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायला विसरू नका.

मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी 'बिनभोगवटा शुल्क' लावते, मनाला येईल त्या आकड्याने. त्याला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, २००१ पासून. कागद दाखवलात की गप्प बसतात.

सुरुच्या बनात

होमस्टेचं मी लिहितो. मालवणच्या बाजूला दोन खोल्या चालवतो. राहतो तिथेच, हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

खोलीचा सरासरी दर २,२०० धरा. नाताळ ते ३१ डिसेंबर आणि मे महिन्यात ३,५०० सुद्धा मिळतात, फेब्रुवारीतल्या बुधवारी १,५०० ला घासाघीस चालते. वर्षात एक खोली शंभर रात्री गेली तर बरं वर्ष. दोन खोल्या, ४ लाख ४० हजार. ऐकायला छान वाटतं.

आता जातात कुठे. माणूस ठेवला तर महिना १२ हजार, वर्षाचे १ लाख ४४ हजार (मी स्वतः करतो, तुम्ही पुण्यात बसून करणार नाही). वीज ४५ हजार, कारण पाहुणा एसी लावून दार उघडं ठेवतो. धुणं ३०. चहा-गॅस-साबण-पाणी २५. ऑनलाइन बुकिंगवाले पंधरा टक्क्यांच्या आसपास घेतात, निम्मी बुकिंगं तिकडून धरली तर ३३. वायफाय वगैरे १२. पावसाळ्यानंतरची डागडुजी ५०. बेरीज ३ लाख ३९ हजार. उरले एक लाख. तुमच्या ४०-४४ लाखांवर एक लाख. फ्लॅटला नावं ठेवत होतो, हा त्याच्या पाठचाच भाऊ निघाला.

डागडुजीचे ५० हजार पुण्याच्या माणसाला जास्त वाटतील. आमच्याकडे खारं वारं आहे. एसीचं बाहेरचं युनिट, त्याच्या पत्र्याला तिसऱ्या वर्षी बोट लावलं तर आरपार जातं. ग्रिल दरवर्षी घासून रेड ऑक्साइड मारायचं. कडी-कोयंडे पितळी किंवा चांगल्या स्टेनलेसचेच घ्या, साध्या लोखंडाची बिजागरी दोन पावसांत दार घेऊन खाली येते. जुलैत चादर चार दिवस वाळत नाही. गादीला एकदा दमट वास बसला की पाहुणा काही बोलत नाही, घरी जाऊन दोन स्टार देतो. बंद खोली पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा उघडून पंखा लावावा लागतो, नाहीतर सप्टेंबरात भिंतीवर बुरशीचा नकाशा आणि दाराच्या चौकटीत वाळवी.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद, किल्ल्याकडे होड्या बंद. पाऊस बघायला येणारे हौशी असतात, थोडे. गणपतीत गाव भरलेलं असतं पण ते आपल्याच घरात उतरतात. आणि तुमचा ठेवलेला माणूस गणपतीत पाच दिवस येत नाही, त्याच्या घरी गणपती आहे. बरोबरच आहे त्याचं.

भाडं हंगामी, हप्ता बारमाही. होमस्टेला कर्ज घेणार असाल तर चार महिन्यांचे हप्ते आधी बाजूला काढून ठेवल्याशिवाय पायाचा चिरा बसवू नका.

आमच्या शेजारची काकी म्हणते तसं, 'घर काय खयचो पण बांधता, सांभाळूक माणूस व्हयो.' दापोलीत तुमचं कोण आहे?

पेठेतला

कोणी चिपळूणचा विचार सुचवण्याआधी: स्वस्त तळमजला दिसला की हुरळून जाऊ नका. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पहिला मजला गाठला होता पाण्याने. २००५ लाही आलं होतं. जलसंपदा विभागाच्या पूररेषा आहेत, निळी आणि लाल. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाचा. नकाशावर प्लॉट कुठे पडतो ते बघा, आणि शेजारच्या जुन्या दुकानात जाऊन 'पाणी कुठवर होतं' विचारा. माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवतात. नवीन रंग मारलेल्या इमारतीत ती रेघ सापडत नाही, शेजारच्या गोडाऊनमध्ये सापडते.

लोट्याच्या एमआयडीसीमुळे भाडेकरू मात्र इथे मिळतात. उंचावरचा दुसरा-तिसरा मजला असेल तर चिपळूण वाईट नाही.

सातबारा

प्लॉटबद्दल. 'ओळखीतून' आणि 'एनए' हे दोन शब्द एका वाक्यात आले की माझे कान टवकारतात. वकिली हयातीत निम्मा धंदा याच वाक्यावर झालाय.

एनएचा आदेश हातात घेऊन वाचा, झेरॉक्स नव्हे. कशासाठी एनए आहे तेही त्यात लिहिलेलं असतं. निवासी असेल आणि तुम्ही खोल्या रात्रीच्या भाड्याने देणार असाल तर तो वापर पुढे कोणीतरी विचारणारच. जमीन अजून शेतीच असेल तर शेतकरी नसलेल्याला ती घेताच येत नाही, कूळकायद्याचं कलम ६३. तुमच्या गावच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर तो प्रश्न सुटतो, पण तुकडेबंदीचा (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला मनाई) उरतो. पाच गुंठे शेतजमीन वेगळी काढून विकतो म्हणणाऱ्याला आधी मोजणीचा नकाशा आणि मंजूर रेखांकन मागा.

सातबाऱ्यावर नावं किती? कोकणात पंचवीस-तीस नावं ही नवलाई नाही. निम्मे मुंबईत, दोन बडोद्याला, एकाचा पत्ता नाही. विकणारा म्हणतो 'वहिवाट आमचीच आहे'. असेल, पण सामायिक जमिनीत बहिणींचे हक्क आहेत आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही मुलांच्या बरोबरीने सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हक्कदार) आहेत. नोंदलेलं हक्कसोडपत्र नसेल तर ते हक्क कुठे जात नाहीत. 'इतर हक्क' हा रकाना शेवटपर्यंत वाचा. कूळ, बोजा, देवस्थान, भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), सगळं तिथे किंवा फेरफारात निघतं. नुसतं कुलमुखत्यारपत्र आणि ताबापावती घेऊन व्यवहार करू नका. अशा कागदांनी मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय.

आता किनाऱ्याचं. 'चालत दहा मिनिटं' ऐकायला छान, पण सीआरझेडमध्ये (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) मोजतात ते भरतीरेषेपासून. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यासाठी दोन प्रकार आहेत. २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तिथे ५० मीटर ना-विकास क्षेत्र, त्याहून विरळ वस्तीत २०० मीटर. आपली बहुतेक गावं विरळच. समुद्र लांब असला तरी खाडी जवळ असेल तर तिथेही नियम लागतो, हे लोक विसरतात. ग्रामपंचायतीचा घर क्रमांक मिळाला, वीज आली, म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं मानणारे किनाऱ्यावर पुष्कळ भेटतील. दापोलीच्याच किनाऱ्यावर रिसॉर्टं पाडायच्या नोटिसांच्या बातम्या वाचल्या असतीलच.

बँक काही बोलली नाही का प्लॉटबद्दल? बँकेचा वकील तीस वर्षांच्या मालकीचा शोध घेतो. त्याने नाही म्हटलं आणि विकणारा म्हणाला 'रोख द्या, बँक कशाला हवी', तर उत्तर तुम्हाला मिळालं.

बँकेतला

सातबारांच्या शेवटच्या ओळीला जोडून: होमस्टेसाठी साधं गृहकर्ज मागू नका. ते राहत्या घरासाठी असतं. व्यवसाय म्हणून मागितलं तर व्याज जास्त, मुदत कमी. दर तोच साडेआठ धरला तरी सात-दहा वर्षांत फेडायचं म्हटलं की लाखाचा हप्ता ८६८ वरून बाराशे ते सोळाशेपर्यंत जातो. सुरुच्या बनातल्या भाऊंनी दाखवलेल्या एक लाख शिलकीतून तो निघत नाही. लहान धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंत मिळतं (आधीचं तरुण गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांना वीसपर्यंत), पण ते सामान-सजावट, डागडुजी अशा कामांना ठीक. जमीन घेऊन घर उभारायला पुरणार नाही.

माजघर

माहेर दिवेआगर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं त्या दुपारी आमच्या वाडीतल्या पोफळी एकामागून एक मोडत गेल्या. पत्रे तर दिसेनासे झाले, दुसऱ्या दिवशी लोकांनी ओळखून ओळखून आणले. वीज यायला आठवडे लागले. नंतरच्या मे महिन्यात तौक्ते. भाड्याच्या घराचा हिशेब करताना 'रिकामा एक महिना' धरता, तसं असं एखादं वर्षही धरा.

विमा काढाच. २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे सारखी मिळते. वादळ, पूर, दरड धरलेलं आहे, आणि घर राहण्यालायक न राहिल्यास बुडालेल्या भाड्याचीही तरतूद आहे. पण ती घरासाठी आहे. होमस्टे चालवताय हे लपवून घेतलीत तर दाव्याच्या वेळी सर्व्हेयर बाहेरची पाटी वाचतोच! धंद्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. आणि रक्कम बांधकाम खर्चाची घ्या, फ्लॅटच्या बाजारभावाची नको. जमीन वाहून जात नाही.

मे महिना

सगळे घाबरवतच सुटलेत. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ झाला तेव्हा ज्यांनी आजूबाजूला घेतलं त्यांना विचारा.

सुरुच्या बनात

विचारा की. ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं, मधे विमानं बंद पडली, पुन्हा सुरू झाली. प्लॉटचे भाव मात्र एकदाही खाली उतरले नाहीत, आणि त्या भावाला विकलेला प्लॉटही फारसा ऐकला नाही. चौपदरी हायवेचं काम २०११ पासून चालू आहे. नाणारला रिफायनरी येणार म्हणून बाहेरच्यांनी जमिनी घेतल्या, २०१९ ला प्रकल्प तिथून हलला. 'येणार' वर पैसे लावायचे असतील तर स्वतःचे लावा, बँकेचे नको. व्याज 'आलेलं' असतं.

मे महिना

हे मान्य. तरी दहा वर्षांनी ४० लाखांत काय मिळेल तेही सांगा कोणीतरी.

खडूस

दहा वर्षांनी ५९ लाखांत हाच फ्लॅट मिळेल, दहा वर्षं जुना. बँकेतल्यांनी वर लिहिलंय.

खाडीपल्याड

सगळ्यांचे आभार. इतकं सोलून काढाल असं वाटलं नव्हतं.

प्लॉटवाल्याला एनएचा मूळ आदेश आणि मोजणीचा नकाशा मागितला. 'भाऊ येतो मुंबईहून, मग बघू' असं उत्तर आलं. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. तो विषय मी सोडला. दापोलीत आमचं कोणी नाही हेही खरं.

करप्रणाली माझी नवी आहे, त्यामुळे व्याजाचा तोटा पगारातून वजा होणार नाही. ३० लाखांचं कर्ज बाद.

चाकरमानी ठाणेवाल्यांनी सांगितलेल्या भागात, सिव्हिलच्या बाजूला, एक जुना वनबीएचके विकायला निघालाय. पंधरा वर्षं जुनी इमारत, दुसरा मजला, मालक २० म्हणतो, १८ ला येईल असं वाटतं. भाडं साडेसात-आठ. माझे ९ आणि ९-१० कर्ज असा विचार आहे. उरलेल्यातले चार लाख ठेवीत बाजूला, बाकी मुद्रांक आणि डागडुजीला. बहिणीशी बोलून आईच्या नावावर काही ठेवायचं का तेही बघतोय (माजघरताई, मृत्युपत्राचा विषय आईनेच काढला, मी नाही). भाड्याला झेपेल त्याहून कर्ज थोडं जास्त आहे हे दिसतंय, पण महिना चार-पाच हजारांचा खड्डा पगाराला जड नाही. या जुन्या इमारतीत काय काय बघू?

चाकरमानी ठाणेवाला

गच्चीवर पत्र्याची शेड आहे का ते आधी. नसेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर किती मजले आहेत? सगळ्यात वरचा मजला आपलाच असेल तर गळती आपली. जिन्यातल्या बीमखाली टॉर्च मारा. काँक्रीटला सळईच्या दिशेने भेगा आणि गंजाचे लाल ओघळ दिसले तर आतली सळई फुगलेली आहे. पंधरा वर्षांच्या इमारतीत खाऱ्या हवेने ते होतं आणि दुरुस्तीची वर्गणी माणशी लाखाच्या घरात जाते. शेवटच्या दोन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा. मोठ्या दुरुस्तीचा विषय निघालेला असेल तर मालक त्यासाठीच विकत असेल.

सातबारा

इमारतीच्या जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालंय का? नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे. मानीव अभिहस्तांतरणाची (बिल्डर देत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याकडून जमीन नावे करून घेण्याची) वाट आहे, पण तुमच्या सोसायटीत ती करणारा खमका सेक्रेटरी हवा. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत आणि मंजूर नकाशा, बाल्कनी आत घेतलीय का तेही.

बँकेतला

जुन्या इमारतीला बँका मुदत कमी देतात, इमारतीचं उरलेलं आयुष्य बघून. वीस नाही, पंधरा वर्षं धरा. साडेआठने लाखाला ९८५, ९ लाखांना ८,८६५. व्याजदर तरता (वेळोवेळी बदलणारा) घ्या, व्यक्तीला दिलेल्या तरत्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, तेव्हा बोनस आला की मुद्दलात टाकता येईल. दर वाढला की बँक बहुतेक वेळा मुदत वाढवते, हप्ता तोच ठेवते. दरवर्षी एकदा उरलेले महिने विचारत जा, आणि वाढलेले दिसले तर हप्ता वाढवायला लेखी सांगा.

टोकन देण्याआधी मालकाकडून सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, वीजबिल, घरपट्टीची पावती आणि त्याचं स्वतःचं कर्ज असेल तर बँकेचं शिल्लक पत्र घ्या. १८ ला आणलंत तर कळवा.